विषयांकित सायकल

विषय : जुनी माउंटन बाइक ‘व्हिंटेज’ कधीपासून धरावी, याबाबत.

अर्जदार श्री. मकरंद टिपणीस, वय बावन्न. पंचवीस वर्षे धरावीत की तीस, यावरून सायकल-प्रदर्शनाच्या समितीत दोन तट पडले होते. दोन्ही तटांनी मग एकमताने तो प्रश्न डोंगरावरच्या मठात, केशवबुवांकडे ढकलला.

“...मग धरायची ना, बुवा?”

बुवा ओसरीवर शेंगा सोलत होते. विषयांकित सायकल टेम्पोतून आली होती. लखलखत होती. हँडलला चंदनाचा हार होता.

बुवा उठले. सायकलीसमोर जाऊन त्यांनी हात जोडले.

“केव्हा गेली?”

“गेली? अहो, ठणठणीत आहे! दसऱ्याच्या पूजेचा हार आहे तो. फुलांचे डाग पडतात रंगावर, म्हणून चंदनाचा घातला.”

“असं होय! मला वाटलं, फोटो मिळाला नाही म्हणून तीच ठेवलीत.”

टेम्पोवाला दौलत उगाच खोकला.

मकरंदाचा चेहरा पडला. ही सायकल एकदा काचेमागे मानाने उभी राहिली, की आपले ते दिवसही तिथे शाबूत राहतील, असा त्याचा हिशेब होता.

“हिच्यावरून हाच डोंगर चढलोय मी. पाय न टेकता.”

“मग आज टेम्पो?”

“टायर मूळचे आहेत, बुवा. झिजले तर मिळत नाहीत. अठ्ठावीस वर्षं पुरी झालीत तिला.”

बुवांनी हार काढून दौलतच्या हातात दिला आणि मकरंदाकडे पाहत उताराकडे बोट दाखवलं.

“मी? आत्ता?”

बुवा शेंगांकडे वळले होते.

पहिल्या वळणावर ब्रेक किंचाळले. दुसऱ्या वळणावर मकरंद किंचाळला, पण भीतीने नव्हे.

बऱ्याच वेळाने तो वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, सायकलीचा मूळ रंग ओळखू येईना.

“चार ठिकाणी पाय टेकला, बुवा!” पहिला नंबर आल्यासारखं त्याने सांगितलं. “थांबा, आणखी एकदा जाऊन येतो.”

निर्णय विचारायचा राहिला, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो वळणाआड गेला.

दौलत हार हातात घेऊन उभाच.

“बुवा, समितीला काय सांगू?”

“सांग, अर्जदार अजून वयात यायचे आहेत. अर्ज प्रलंबित.”