मूठ कुणाची?

एका राज्यात मायाकेतू नावाचा जादूगार होता. सेनापतीचा मान त्याच्या डोळ्यांत सलत असे. विजयाच्या मिरवणुकीत त्याने मंतरलेले उडीद मुठीत घेतले, "दगड कर" असे पुटपुटला आणि सेनापतीच्या छातीच्या रोखाने मूठ मारली. नेमका तेव्हाच सेनापती जोड्यातला खडा काढायला वाकला. मूठ त्याच्या पाठीवरून गेली आणि मागे बांगड्यांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या तुळसा कासारणीला लागली. तिची पावले जागच्या जागी दगड झाली.

तिची धाकटी बहीण येसू धावत दरबारात गेली. मायाकेतूला पकडून आणलेच होते. तो म्हणाला, "महाराज, ज्यांना मारायचे होते त्यांना खरचटलेही नाही. जिला लागले तिला मी ओळखत नाही. मग माझा गुन्हा कोणता?"

पंडितांचे काम माना डोलावण्याचे. ते त्यांनी मनापासून केले. राजा बिचारा बुचकळ्यात पडला.

"मूठ उतरते कशी?" त्याने विचारले.

"जो ती मनापासून आपली म्हणेल, त्याच्याकडे ती परत जाते. पण हिच्या बहिणीवर मी मारलीच नाही. ती माझी कशी?"

येसूच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात खिडकीतला भारद्वाज पक्षी बोलला, "पोरी, तीन साक्षी आण. मुठीतला उडीद, मूठ नेणारा वारा आणि फेकणाऱ्याचे तोंड. तिसऱ्या दिवशी दगड ओठांपाशी पोचेल."

उडीद मुंग्यांनी वारुळात नेले होते. मुंग्यांच्या राणीने गुळाचा खडा मागितला, येसूने दोन दिले आणि एक दाणा मिळवला. दुसऱ्या दिवशी ती डोंगरमाथ्यावर चढली. वारा कुणाच्या हाती लागत नाही, पण त्याला किणकिण फार आवडते. येसूने झाडाला बांगड्या टांगल्या. वारा खेळायला आला आणि खेळता खेळता साक्षीला कबूल झाला. ती परतली तेव्हा बहीण गळ्यापर्यंत दगड झाली होती. येसू तिच्या खांद्यावर डोके ठेवून ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी तुळसाला गाड्यावर घालून दरबारात आणले.

उडीद म्हणाला, "मला 'दगड कर' एवढेच सांगितले होते. मी केले."

वारा म्हणाला, "सेनापती वाकला. त्यानंतर कुणी नवी मूठ मारली नाही. निघाली तीच पोचली."

राजाचा चेहरा उजळला. "नेम चुकला, हेतू चुकला नाही. सेनापतीला लागली असती तर जी शिक्षा, तीच आता!"

निवाडा चोख होता, पण दगड तसूभरही मागे हटला नाही. उलट तो हनुवटीवर चढला. मायाकेतू खाली मान घालून उभा होता. येसूने त्याच्यापुढे हात जोडले.

मग तुळसाच बोलली. "महाराज, मला शिक्षेचं काही कळत नाही. हे म्हणतात, यांनी मला मारलं नाही. सेनापतींनी मारलं नाही. मग मला कुणीच मारलं नाही का? ओठ मिटायच्या आत एवढं सांगा. नाव ऐकून तरी जाऊ दे."

मायाकेतूने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. तो गुडघ्यांवर बसला.

"बाई, मी मारलं. ही मूठ माझी आहे."

दगड तुळसाच्या अंगावरून उतरला आणि त्याच्या उजव्या हातात मनगटापर्यंत शिरला. तेवढ्यावरच थांबला. पंडितांनी आता दुसऱ्या बाजूने माना डोलावल्या. राजाने त्याला तुरुंगात धाडले आणि निवाडा वेशीवर कोरून घेतला.

तुळसाने एक पाऊल टाकले, मग दुसरे. "येसू, पायाला मुंग्या आल्यात गं," ती म्हणाली. येसू हसत हसत तिचे पाय चोळू लागली.

त्या बहिणी जशा एकमेकींचा हात धरून घरी गेल्या, तसे ज्याचे त्याचे माणूस आपल्या पायांनी घरी येवो.