पहिल्या दुधाचा हुकूम

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्यापाशी मांत्रिकाने दिलेली काळी मुद्रा होती. ती उमटली की हुकूम अटळ. मोडणाऱ्याचा हात तत्क्षणी दगडाचा. राजाला चेवच चढला. ओढ्याने किती खळखळावे, म्हाताऱ्यांनी किती खोकावे, सगळ्यावर शिक्के. एके दिवशी त्याने फर्मावले, "राज्यातले पहिले दूध राजवाड्याचे. ते पोचेतोवर वासरू दाव्यालाच राहील."

गायींनी पान्हा चोरला. पाठोपाठ राज्यातल्या साऱ्या आयांचे दूध आटले, राणीचेही. पंधरा दिवसांची राजकन्या भुकेने रडू लागली, तेव्हा राजाची ऐट पार उतरली. त्याने मुद्रेवर घण घातला. घण फुटला.

खिडकीत धनेश पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, तीन दारी जा. मुद्रेहून जुना कायदा शोध आणि पाळ."

पहिले दार धनेशाचेच. ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसलेली, आणि नर तिला फटीतून उंबर भरवीत होता.

"पहिले फळ राजाला दे," राजा सवयीने म्हणाला.

"भुकेला असशील तर घे. हुकूम म्हणून मागशील, तर आधी ती."

राजा खजील झाला. त्याने फळ मागितले नाही.

दुसरे दार चोरांच्या गुहेचे. सात चोर लूट सारखी वाटून घेत होते.

"सगळी सरदाराने का ठेवू नये?" राजाने विचारले.

चोर पोट धरधरून हसले. "महाराज, आपसात चोरी नाही. टोळी मोडेल."

"हा कायदा कुणी केला?"

"केला कुणीच नाही. एकदा मोडून पाहिला, तेव्हा कळला."

तिसरे दार येसाई गवळणीच्या गोठ्याचे. तिचा उजवा हात दगडाचा होता.

"पहिल्याच दिवशी वासरू सोडले मी," ती म्हणाली. "चार सडांतला एक त्याचा, तीन आपले. आमच्या घरात हीच रीत. वासराने ढुशी दिल्याखेरीज गाय पान्हवत नाही, महाराज. तिला शिक्का वाचता येत नाही."

राजाने दाव्याला हात घातला.

"हात दगडाचा होईल," येसाई म्हणाली.

"होऊ दे. लेक उपाशी आहे. सगळ्यांच्याच लेकी उपाशी आहेत."

त्याने डोळे मिटून गाठ सोडली. वासराने धावत जाऊन ढुशी दिली आणि गाय पान्हवली. राजाच्या कमरेच्या बटव्यात काळ्या मुद्रेचा भुगा झाला. राजाने डोळे उघडले, तर हात हाडामांसाचाच. येसाईची बोटे हलू लागली; तिने सर्वांत आधी नाक खाजवून घेतले, इतके दिवस डाव्या हाताने मनासारखे जमत नव्हते.

राजा तीन सडांचे दूध घेऊन धावत वाड्यात आला. ते लागलेच नाही. राणीला पान्हा फुटला होता.

पुढेही त्या राज्यात कायदे झाले, पण राजा आधी गोठ्यात जाऊन विचारी, मग लिही. ओढे हवे तसे खळखळले, म्हातारे हवे तसे खोकले, आणि कहाणी इथे थांबली, कारण बाळ पोटभर पिऊन झोपले आहे.