उभ्या चढावरची जोडी

पूर्वी अश्मक देशात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने घाटाच्या पायथ्याशी एका गाडीवानाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव नंदिय. वयात आल्यावर पायथ्याच्या तीनशे गाडीवानांनी त्याला आपला नायक केले. नायकपण म्हणजे काही मोठा मान नव्हता. सगळ्यांची भांडणे त्याने सोडवायची आणि सोडवून झाल्यावर दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या, एवढेच ते होते.

त्या घाटात एक उभा चढ होता. भरलेली गाडी एका जोडीने तिथे चढत नसे. म्हणून रीत अशी होती, की मागच्या गाडीवानाने आपले बैल सोडून पुढच्या गाडीला जुंपायचे, चार बैलांनी ती माथ्यावर न्यायची, मग दोन्ही जोड्या रिकाम्या खाली आणून मागची गाडी चढवायची. पुढचा कोण, कुठला, त्याच्याशी आपले बोलणे आहे की अबोला, हे पाहायचे नाही. सोयरिकीवरून एकमेकांची डोकी फोडलेली माणसेही चढावर एकमेकांना बैल देत आणि माथ्यावर पोचल्यावर पुन्हा तोंड फिरवत.

पुढे बंदराचा व्यापार वाढला. गाड्यांची गर्दी इतकी झाली, की पायथ्याशी दोन दोन दिवस मुक्काम पडू लागला. तेव्हा नगरातला सोणदत्त श्रेष्ठी राजाकडे गेला. घाटाची डोंगराकडची अर्धी वाट आपण स्वतःच्या खर्चाने फरसबंद करू, तिच्यावरून जाईल त्याने आपल्याला जकात द्यावी, हा करार तीस वर्षांचा असावा, आणि दरीकडची अर्धी वाट सर्वांना पूर्वीसारखी मोकळी राहील, असे त्याने सांगितले. कोणावर सक्ती नाही, असेही तो वर म्हणाला. ऐकायला हे इतके गोड होते, की राजाने मान डोलावली. फक्त फरसबंद वाट सुरू झाल्यावर येणाऱ्या पौर्णिमेला स्वतः घाट पाहून मगच ताम्रपटावर मुद्रा उठवीन, एवढे त्याने राखून ठेवले.

फरसबंदी झाली. मधोमध दगडांची रांग बसली, भालेवाले पहारेकरी उभे राहिले. मोकळी वाट राहिली खरी, पण ती अर्धी होती आणि दरीच्या कडेची होती. गाडी वर चढत असताना रिकामी जोडी खाली आणायला जागाच उरली नाही. दोन दिवसांचा खोळंबा पाच दिवसांवर गेला. श्रीमंतांचे तांडे जकात भरून, सहा सहा बैल लावून शेजारून निघून जात. त्यांना मागच्याची गरज नव्हती, मागच्याला मात्र त्यांच्याकडे बघत बसावे लागे.

काळक नावाचा गाडीवान आपल्या आजारी बापाला वैद्याकडे नेत होता. जकातीपुरते त्याच्यापाशी नव्हते. पहारेकऱ्याने त्याला हटकले आणि रांगेत उभे केले. तिसऱ्या दिवशी म्हातारा गाडीतच गेला. त्या वेळी फरसबंद वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामी होती.

बापाची राख सावडून काळक तडक नायकाकडे आला. तीनशे गाडीवान जमले होते. उभ्या चढाच्या वर एक मोठी धोंड सुटायला आली होती. पौर्णिमेला राजासमोर सोणदत्ताची गाडी पहिली येणार, तेव्हा पहारीने ती धोंड लोटायची, असा काळकाचा बेत होता. कोणी नाही म्हणेना. खरे तर म्हणावे असे कोणाला वाटतही नव्हते.

त्याच दिवशी श्रेष्ठीचा माणूसही येऊन गेला होता. नायकाच्या गाड्यांना जन्मभर जकात माफ, त्याने फक्त आपली माणसे गप्प बसवावीत, असा निरोप होता. बोधिसत्त्वाने त्याला पाणी दिले आणि तसाच परत पाठवला. आता तो काळकाला म्हणाला, "राजाला आपण रांग दाखवू. तुझ्या बापाचं सांगू. तेवढ्यावर तुझं भागत नसेल तर लोट धोंड. पण मी तिच्या वाटेत उभा असेन."

काळक पहार खांद्यावर टाकून निघून गेला. तो काय करील हे बोधिसत्त्वालाही ठाऊक नव्हते.

पौर्णिमेला राजा माथ्यावर येऊन बसला. मोकळ्या वाटेवर गाड्या खेटून उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे, धोंडीच्या बरोबर खाली, नायकाची गाडी होती. गाडीवान खाली बघत होते, मधूनच वरच्या कड्याकडे. तिथे काळक पहार रोवून बसला होता.

सोणदत्ताची गाडी निघाली. शोभा यावी म्हणून त्याने तिच्यात आपल्या वृद्ध आईला बसवले होते आणि स्वतः पुढे चालत होता. पण राजाच्या डोळ्यांत भरावी म्हणून त्याने उभ्या चढावरची फरस घासून गुळगुळीत करून घेतली होती. बैलाच्या खुराला खडबड लागते, हे कोणीही गाडीवान सांगू शकला असता. त्याने कोणाला विचारले नव्हते. शिवाय पहाटेचे दव पडलेले होते.

निम्म्या चढावर पुढची जोडी घसरली. तिच्या ओढीने मागचे बैल कोलमडले आणि गाडी मागे येऊ लागली. म्हातारी आत ओरडत होती. काही गाडीवानांना बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. कड्यावर काळक उभा राहिला. आता धोंड लोटायचीही गरज नव्हती.

बोधिसत्त्वाने आपली जोडी सोडली आणि दगडांची रांग ओलांडली. पहारेकऱ्याने सवयीने भाला आडवा धरला. बोधिसत्त्व म्हणाला, "आधी चाक धर," आणि पहारेकऱ्याने भाला टाकून चाक धरले. बोधिसत्त्वाने आपले बैल गाडीपुढे जुंपले. त्यांचेही पाय ठरेनात. त्याने घोंगडी काढून त्यांच्या खुरांखाली टाकली. ते पाहून मागून दुसऱ्याची घोंगडी आली, मग पोती, मग गवताच्या पेंढ्या. गाडी थांबली, पण वर सरकेना. नायकाचा डावा बैल गुडघ्यांवर आला, तरी जू सोडीना.

तेवढ्यात कड्यावरून कोणी धावत उतरले. तो काळक होता. पहार वरच टाकून आला होता आणि वाटेत त्याने रांगेतल्या आपल्या गाडीची जोडी सोडून घेतली होती. ती जुंपली तशी गाडी हलली आणि माथ्यावर पोचली. म्हातारी जिवंत होती. नायकाचा बैल मात्र तिथे बसला तो पुन्हा उठला नाही.

सोणदत्ताने विचारले, "मी तुमची वाट अडवली. मग तुम्ही का आलात?"

बैलाच्या मानेवरून हात फिरवीत बोधिसत्त्व म्हणाला, "श्रेष्ठी, तुमची गाडी आमच्या पुढे होती."

राजाने रांग पाहिली, काळकाला जवळ बोलावून सगळे ऐकून घेतले. ताम्रपट मुद्रेवाचून परत गेला. संध्याकाळच्या आत मधले दगड निघाले आणि पाथरवटांनी चढावरची फरस टाकी लावून खडबडीत केली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आनंद, काळक म्हणजे मौद्गल्यायन. जू न सोडणारा तो बैल म्हणजे माझा घोडा कंथक, ज्याने पुढे मला पाठीवरून घराबाहेर नेले. आणि नायक मीच होतो."

एका तरुण भिक्षूने विचारले, "आणि तो श्रेष्ठी, भन्ते?"

"तो आज इथेच बसला आहे," भगवान म्हणाले. "त्याचे नाव विचारू नका. त्याने स्वतःला ओळखले आहे."

सभेत कोणी मागे वळून पाहिले नाही. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पाळली ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीचे पूर्णत्व.