भागाईचं दार

ऐका मंडळी. वेळणे गावच्या नदीवर पूल नव्हता, होडीच काय ती येजा करायची, त्या काळची ही गोष्ट. गावाच्या माथ्यावर भागाई नावाच्या विधवेचं रान होतं, आणि त्या रानातून निघालेल्या झऱ्यावर सगळं गाव पाणी भरायचं.

एकदा कोळशाचा ठेकेदार आला. रान तोडायला द्या, मागाल तो भाव देतो म्हणाला. भागाईनं त्याला ताक पाजून वाटेला लावलं, पण तिच्या जिवाला घोर लागला. आज आपण नाही म्हटलं, उद्या मुलगा हो म्हणेल, नाहीतर नातू. म्हणून तिनं देवळापुढं गाव जमवलं. तिचा दीर भिकू गावचा मानकरी. त्याला ओंजळ पुढं करायला लावून तिनं तीत पाणी सोडलं.

"रान माझंच. माझ्यामागं माझ्या पोराचं, धर्माचं. पण कुऱ्हाड चालवायचा हक्क मी सोडला. माझा, आणि पुढं जो जो मालक होईल त्याचाही. तो हक्क आता गावाचा. गावानं तो वापरायचा नाही, नुसता राखायचा."

रान स्वतःचं आणि लाकूड नाही! वहिनीचं डोकं फिरलंय, असं भिकूनं चारचौघांत बोलूनही दाखवलं. पण शब्द गेला तो गेलाच.

पुढं एका आषाढात नदी अशी फुगली की घरोघरचं सरपण वाहून गेलं. गुरं सोडवायला गेलेला धर्मा बुडाला. प्रेत अंगणात आणलं, पण चितेला गावात सुकं लाकूड नाही. रानाच्या तोंडाशी तेवढं ऐनाचं एक झाड वाळून उभं होतं. भिकू कुऱ्हाड घेऊन निघाला, तर भागाई आडवी आली.

"वैनी, सर बाजूला. मेलेलं झाड हाय ते. एवढ्यापुरता हक्क गाव सोडतंय तुझ्यासाठी."

"भावजी, आज माझ्यासाठी सोडलंत, तर उद्या कुणाला अडवाल?"

भिकू दोन पावलं मागं सरला. पोटचा पोर अंगणात पडलाय आणि ही बाई वाळलेलं झाड राखतेय! बायकांनी तोंडाला पदर लावले. हिला काहीतरी झपाटलंय, असं कुणीतरी पुटपुटलं.

भागाई घरी गेली आणि तिनं घराचं दार चौकटीतून उपसलं. मग पाट काढले, फळ्या काढल्या. शेवटी माळ्यावरून धर्माचा पाळणा खाली घेतला. तेव्हा मात्र भिकूच्या हातून कुऱ्हाड गळून पडली आणि तो लहान पोरासारखा रडला. मग कुणी न सांगताच घरोघरची दारं निघू लागली.

असं म्हणतात, की त्या मुसळधार पावसात ती चिता एका ठिणगीनं पेटली, आणि राख होईपर्यंत तिच्यावर एक थेंब पडला नाही. भिकू तर मरेपर्यंत शपथेवर सांगायचा.

रानाचे मालक पुढं कितीतरी बदलले, कुऱ्हाड कुणी लावली नाही. आजही वेळण्यात कुणी वारलं, की घरटी एक लाकडाची वस्तू बाहेर येते. चितेवर ठेवताना ती काहीही असो, "हे भागाईचं दार" असंच म्हणायचं. ज्याच्या घरात काहीच नसतं, तो लाटणं आणतो, आणि त्यालाही दारच म्हणतात.