रेघा नसलेली नळी

एका नदीवर एका राजाचा बंधारा होता. खाली पात्रातल्या वाळूत माणसे उन्हाळाभर कलिंगडे पिकवीत. बंधाऱ्यावरून त्यांना वेळूच्या नळीतून निरोप येई. आत तांबडी चिंधी असली, तर दारे उघडणार, पात्राबाहेर पडा. पांढरी असली, तर दारे मिटली, खुशाल उतरा. नळी चौकीचौकीवर हात बदलत जाई. म्हणून ती निघताना दिवसाचे जितके प्रहर झाले असतील, तितक्या रेघा तिच्यावर कोळशाने ओढायची रीत होती.

हे काम सुभानजीकडे होते. वर्षानुवर्षे रेघा ओढून बिचारा विटला होता. "नळी पोचते ना? मग रेघांची कटकट हवीय कुणाला?" असे म्हणून त्याने एके दिवशी कोळसा फेकून दिला. कोणी हटकले नाही. वरचे अधिकारीही थकलेलेच, बघणार कोण?

त्या वर्षी बंधाऱ्याला गळती लागली. दारे सारखी उघडत, सारखी मिटत. एकदा सुभानजीने सकाळी पांढरी चिंधी धाडली आणि दुपारी तांबडी. पांढरी नेणाऱ्या जासुदाला वाटेत ऊन लागले. तो झाडाखाली आडवा झाला आणि तांबडी पुढे निघून गेली. बरे वाटल्यावर त्याने आपली नळी पुढच्या चौकीवर दिली नि सुटला.

तांबडी पाहून माणसे काठावर आली होती. तेवढ्यात पांढरी पोचली. त्यांतल्या गजराबाईने नळी फिरवून पाहिली. "हिच्यावर रेघा कुठंयत?"

"हल्ली नसतात, बाई. माझ्या हाती दिली, मी आणली," शेवटचा जासूद म्हणाला.

"नंतर आली म्हणजे नंतरचीच असणार," तिचा नवरा भिवा म्हणाला. "फळं वेलावर फुटायला आलीत. किती चढायचं नि किती उतरायचं?"

सगळेच कंटाळले होते. सगळे उतरले.

पाणी आले तेव्हा माणसे काठाकडे धावली. भिवा वाळूत बांधलेले गाढव सोडायला मागे वळला. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सुभानजी खाली आला. गजराबाईने दोन्ही नळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. रडायचेही त्राण तिच्यात उरले नव्हते.

"नंतरची कोणती, ते आम्हाला आता कळलं," ती म्हणाली. "तुला तर कालच ठाऊक होतं ना रे, दादा?"

तात्पर्य: निरोप खरा असून भागत नाही, तो कधीचा आहे हेही सांगावे लागते. कंटाळून आपण जे गाळतो, त्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.