वाढवलेला नारळ

नदीच्या वळणावरच्या एका मठात एकदा एक शिष्या मोठ्या चिंतेत पडली. वेणू तिचे नाव. मठाच्या थोरल्या माईंनी देह ठेवण्यापूर्वी जो अखंड नामजप केला, त्याचे ध्वनिमुद्रण मठाच्या जुन्या संगणकात एकाच फाईलमध्ये होते. पहिल्या ॐकारापासून अखेरच्या निरोपापर्यंत मध्ये कुठेही खंड नाही. हे असेच अखंड राखीन, असा वेणूने देवापुढे नेम धरला होता.

पण संगणक आता थकला होता. मधूनच कण्हल्यासारखा आवाज करी. म्हणून तिने घाटावरच्या मठातील संगणकाचा एक कप्पा नेटवर्कवरून जोडून घेतला आणि माईंचा स्वर तिकडे पाठवू लागली. धुपाच्या वासात, दुपारच्या पेंगुळल्या शांततेत, पडद्यावरची निळी रेघ हळूहळू सरके आणि दर वेळी एकाच जागी थांबे. तो कप्पा चार जीबीहून मोठी फाईल घेतच नसे. जप पलीकडे पोचे; माईंचा निरोप तेवढा अलीकडे राही.

"अहो ताई, तुकडे करून पाठवा," घाटावरचा सेवेकरी फोनवर म्हणाला. "इथे जोडून घेतो मी."

"माईंचा जप तोडू?" वेणूने फोन खाली ठेवला.

मठाचे वृद्ध बुवा हे ऐकत होते. त्यांनी देवापुढचा नारळ तिच्या हाती दिला. "जाळीबाहेर गोदूआजी प्रसादाला बसल्यात. त्यांना दे."

देवाच्या विश्रांतीची वेळ, जाळीचे दार बंद. वेणूने नारळ आडवा धरला, उभा धरला. तो काही जाईना.

"अहो बुवा," पलीकडून आजी म्हणाल्या, "प्रसाद देताय की नुसता दाखवताय?"

बुवा हसले. त्यांनी नारळ पायरीवर आपटला आणि खोबऱ्याचा एकेक तुकडा जाळीतून आजींच्या ओंजळीत सोडला.

"वेणू, मी आता काय केलं?"

"नारळ फो..." ती अडखळली. देवाच्या दारात तो शब्द कुणी काढत नाही. "नारळ वाढवला, बुवा."

"हं. दुसऱ्याच्या ओंजळीत पोचावं म्हणून जे दुभंगतं, ते तुटत नाही गं, वाढतं. अखंड राखायचं म्हणून तू माईंना इथेच कोंडलंस. उद्या हे यंत्र बंद पडलं, तर तुझा नेम राहील. माई राहतील का?"

"पण तुकडे पुन्हा जुळतील?"

"नारळाचे नाही जुळत, बाई. तुझ्या यंत्राचे जुळतात म्हणे! क्रम तेवढा चुकू देऊ नकोस. जपमाळेचे मणीसुद्धा सुटेच असतात."

वेणूने हात जोडले. फाईलचे भाग पाडले, प्रत्येकावर क्रमांक घातला. निळी रेघ भरत गेली, पुन्हा भरत गेली, कुठेच अडली नाही.

दिवेलागणीला सेवेकऱ्याने जोडलेला जप फोनजवळ धरला. सांधा कुठेही ऐकू आला नाही. शेवटी माईंचा तोच दमलेला, हसरा स्वर आला, "सुखी असा. येते हं."

माईही 'जाते' म्हणाल्या नव्हत्या, हे वेणूला आज प्रथमच ऐकू आले.