दवंडीवर वाळलेला जामा

“संध्याकाळच्या दरबाराला हा जामा धुऊन कोरडा मिळाला नाही, तर तू राज्याबाहेर!” रणधुरंधर महाराज गरजले आणि त्यांनी जरीचा जामा येसू परटिणीपुढे फेकला.

येसूने खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ काळंकुट्ट. “म्हाराज, कितीक दिस सूर्य दिसला न्हाई. वाळायचा कसा?”

“खोटं! कालच दवंडी पिटली ना? आमच्या राज्यात ऊन कडक, हवा कोरडी आणि ढग शून्य! पाठशाळेत रीतसर मोजलंय!”

मोजलं होतं खरं. शेजारचा राजा पाठशाळेतल्या मुलांकडून हवा मोजून घेतो म्हटल्यावर आपले महाराज मागे राहतात होय? पंतोजींनी साधनं मांडली. वाटीत तूप ठेवलं. थिजलं तर गारठा, पातळ झालं तर उष्मा. तबकात मीठ, पाणी सुटलं तर हवा दमट. अंगणात पाण्याने भरलेली परात, तिच्यावर दोरे ताणून केलेल्या आठ चौकटी. किती चौकटींत ढग दिसतात ते मुलांनी मोजायचं. पहिल्याच दिवशी मुलांनी सांगून टाकलं, तूप थिजलंय, मीठ ओलं झालंय आणि आठही चौकटी ढगांनी भरल्यात. दरबारी रीत अजून शिकायची होती बिचाऱ्यांना!

“शेजाऱ्याकडे दोन चौकटी आणि आमच्याकडे आठ?” महाराज कडाडले होते. “आमच्या आभाळाला काही शिस्त?”

पंतोजींना नोकरी प्यारी. दुसऱ्या दिवशी तुपाची वाटी चुलीजवळ गेली, मीठ भटारखान्यातून ताजं आलं आणि परात छपराखाली सरकली. छपराखाली कुठला ढग दिसतोय! महाराज खूश झाले आणि दवंडी पिटली गेली.

येसू रागाने नुसती धुमसत होती. तेवढ्या धगीवर जामा वाळला असता तर काय हवं होतं! नदीचा घाट सुटला तर ती खाणार काय? तिने मुकाट्याने जामा धुतला, थेट पाठशाळेच्या छपराखाली परातीशेजारी दोरीवर टाकला आणि फुटाणे खात बसून राहिली.

संध्याकाळी भर दरबारात सेवकांनी तो महाराजांच्या अंगावर चढवला.

“अगं, हा ओलाचिंब आहे!”

“छ्या! कोरडा हाय.”

“पाणी गळतंय!”

“गळू द्या की! दिसभर पंतोजींच्या परातीशेजारी व्हता. ऊन कडक, हवा कोरडी, ढग शून्य! तितं जामा वल्ला ऱ्हाईल कसा? आन् वल्ला म्हनावं, तर म्हाराजांची दवंडी खोटी पडंल. माज्या तोंडून तसलं काय निघायचं न्हाई बाई!”

महाराज पंतोजींकडे वळले. “बोला! ओला की कोरडा?”

पंतोजींनी जाम्याखाली साचलेल्या पाण्यातून पाय मागे घेतला. “को... कोरडाच म्हणायचा, महाराज.”

त्याच क्षणी महाराजांना सणसणीत शिंक आली. मग दुसरी. आणि तिसरीऐवजी जे आलं ते हसू! दरबार दणाणून गेला.

“हरलो, येसू! घाट तुझाच. आणखी काय हवं ते माग!”

“जास्त काय नगं. पंतोजींनी रोज परातीशेजारी धोतर वाळत घालावं आन् मोजून झालं, की त्येच नेसून दरबारात यावं!”

“मंजूर!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “आणि हा जामा तुला बक्षीस!”

“उपकार झालं, म्हाराज,” येसू हात जोडून म्हणाली. “वाळला, की येते न्यायला!”